लॉजिक सिग्नलपासून प्लस-मायनस व्होल्टेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या एमआयडीसीतले मेंटेनन्सवाले, नांदेड-लातूरचे डिप्लोमा आणि डिग्रीचे विद्यार्थी, आणि ठिबकाचं ऑटोमेशन स्वतःच करू पाहणारे शेतकरी. या तिघांचे प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण गाडी एकाच ठिकाणी अडते. कंट्रोलर देतो ० आणि ५ व्होल्ट, किंवा ० आणि ३.३. समोरच्याला हवं असतं प्लस आणि मायनस. मधला जोड कसा करायचा, एवढाच या पानाचा विषय.

कंट्रोलरची पिन स्वतःच मायनस का देत नाही?

पिनच्या आत दोन मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचे स्विच) असतात. एक पिनला सप्लायला जोडतो, दुसरा ग्राउंडला. म्हणजे पिनला जायला दोनच जागा. ग्राउंडच्या खालचं व्होल्टेज त्या चिपमध्ये आलेलंच नसतं, मग प्रोग्रॅममध्ये काहीही लिहा. उलट बाहेरून पिनवर मायनस आलं तर आतला संरक्षक डायोड अर्ध्या-पाऊण व्होल्टलाच चालू होतो. करंटला आडकाठी नसेल तर पिन जाते, कधी अख्खी चिप जाते. म्हणून मायनस तयार करणारा भाग नेहमी पिनच्या पुढे हवा, आणि त्याचं मायनस मागे पिनपर्यंत येणार नाही अशी जोडणी हवी.

मला खरंच निगेटिव्ह सप्लाय लागणार आहे का?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. अर्ध्या लोकांना निगेटिव्ह सप्लाय लागतच नाही.

समोरच्या वस्तूला दोन मोकळ्या वायर असतील आणि त्यातली एकही ग्राउंडला बांधलेली नसेल, तर फक्त दिशा उलटायची आहे. डीसी मोटर, लॅचिंग व्हॉल्व्ह, दोन कॉइलऐवजी एकाच कॉइलचा लॅचिंग रिले, सगळे यात येतात. याला एच-ब्रिज पुरतो. एकच १२ व्होल्टचा सप्लाय, चार स्विच, आणि लोडला एकदा +१२ दिसतं, एकदा −१२.

समोरचा सिग्नल ग्राउंडच्या संदर्भात मोजत असेल, तर मात्र खरं निगेटिव्ह लागतं. सर्व्हो ड्राइव्हचा ±१० व्होल्टचा वेगाचा इनपुट, जुन्या सीएनसीचा आरएस-२३२ (सिरीयल) पोर्ट, इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरची कंट्रोल पायलट वायर ही अशी गिऱ्हाइकं.

सर्किट ठरवण्याआधी आणखी एक गोष्ट कागदावर लिहून काढा: कंट्रोलर बंद असताना, रीसेट होत असताना किंवा मधली वायर तुटल्यावर समोरच्याला काय दिसणार? लॉजिकमध्ये ० म्हणजे शांतता अशी आपल्याला सवय असते. ० ते ५ चं −१० ते +१० केलं की ते ० एका टोकाला जाऊन बसतं. आता ० चा अर्थ ‘थांब’ नसून ‘पूर्ण वेगाने मागे जा’ असा होतो. खरी शांतता मधल्या बिंदूवर असते, आणि मधला बिंदू मेलेला कंट्रोलर देऊ शकत नाही. खालचं प्रत्येक सर्किट मी याच कसोटीवर तपासलं आहे. तुम्हीही तेच करा.

ठिबकाच्या लॅचिंग व्हॉल्व्हला नेमकं काय द्यायचं?

मराठवाड्यात या प्रश्नाचं मोल जास्त आहे. शेततळ्यात जे साठलंय ते मे महिन्यापर्यंत पुरवायचं असतं. रात्री-अपरात्री लाईट येते तेव्हा कुणीतरी उठून व्हॉल्व्ह फिरवायचा, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. बॅटरीवर चालणारा कंट्रोलर आणि लॅचिंग व्हॉल्व्ह ही जोडी इथे खरोखर उपयोगाची आहे.

लॅचिंग सोलेनॉइडच्या आत कायमचा चुंबक असतो. एका दिशेने छोटा झटका दिला की प्लंजर वर चिकटतो आणि पाणी सुरू होतं. उलट दिशेने झटका दिला की तो सुटतो आणि पाणी बंद. मधल्या काळात करंट शून्य, म्हणून लहानशा सोलर पॅनलवर आणि बॅटरीवर भागतं. झटका बहुधा ९ ते १२ व्होल्टचा आणि काही दहा मिलिसेकंदांचा असतो. नेमका आकडा त्या व्हॉल्व्हच्या कागदावर पाहा, अंदाजाने देऊ नका.

बाजारात २४ व्होल्ट एसीचे साधे व्हॉल्व्हही भरपूर आहेत. दिसायला सारखेच. ते झटक्यावर चालत नाहीत, चालू ठेवायला सतत करंट लागतो. घेताना ‘लॅचिंग’ शब्द तपासून घ्या.

जोडणीसाठी एल२९३डी हा एच-ब्रिजचा आयसी चालतो. ४.५ ते ३६ व्होल्ट, एका चॅनलला ६०० मिलिअँपिअर, क्षणभर १.२ अँपिअर. पण काही कॉइलना त्याहून जास्त लागतं. कॉइलचा रोध ६ ओहम असेल तर ९ व्होल्टला दीड अँपिअर होतो, तिथे एल२९३डी अपुरा. एल२९८एन प्रत्येक चॅनलला २ अँपिअर देतो, मात्र त्याच्या आतल्या ट्रान्झिस्टरमध्येच दोन-अडीच व्होल्ट खर्च होतात. १२ व्होल्टवर ते खपतं, ९ वर नाही. बॅटरीचं काम असेल तर मॉस्फेटवाला ब्रिज घ्या. डीआरव्ही८८७१ हा ६.५ ते ४५ व्होल्टवर चालतो आणि ३.६ अँपिअरपर्यंतचा झटका सोसतो.

बॅटरी लहान असेल तर दीड अँपिअरचा झटका तिच्यातून थेट काढू नका, व्होल्टेज बसतं आणि कंट्रोलरच रीसेट होतो. एका रेझिस्टरमधून ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सावकाश भरा आणि झटका त्यातून द्या. ६ ओहमच्या कॉइलमध्ये हा कपॅसिटर साधारण २८ मिलिसेकंदांत बराचसा रिकामा होतो. व्हॉल्व्हला ५० लागत असतील तर दोन कपॅसिटर समांतर जोडा.

आता कसोटी. एच-ब्रिजचा मोठा फायदा असा की त्याला तीन अवस्था असतात: पुढे, मागे आणि काहीच नाही. दोन्ही इनपुट पिनांना १० के (किलोओहम) चा रेझिस्टर ग्राउंडकडे लावा, म्हणजे रीसेटमध्ये पिना तरंगत (वर-खाली कुठेच न जोडलेल्या) असल्या तरी ब्रिज गप्प राहतो. पण लॅचिंग व्हॉल्व्हची एक वाईट बाजूही आहे. कंट्रोलर मेला तर व्हॉल्व्ह आहे त्याच अवस्थेत राहतो. उघडा असेल तर उघडाच, आणि सकाळपर्यंत शेततळं खाली. म्हणून तीन गोष्टी प्रोग्रॅममध्ये हव्यातच. कंट्रोलर सुरू होताच पहिला झटका ‘बंद’चा. बॅटरी एका पातळीखाली आली की आधी ‘बंद’, मग झोप. आणि ‘बंद’च्या झटक्यापुरती ताकद शिल्लक नसेल तर ‘चालू’ करायचंच नाही.

लाल-काळ्या वायरी उलट लागल्या तर काही जळत नाही, फक्त चालू-बंद उलट होतं. शेतात नेण्याआधी घरी फुंकर मारून तपासून घ्या.

ग्राउंडच्या खाली जाणारा सिग्नल हवाच आहे. सगळ्यात सोपं काय?

फक्त दोन पातळ्या हव्या असतील, +१२ आणि −१२, तर एलएम३९३ कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा आयसी). स्वस्त आहे आणि कुठल्याही दुकानात मिळतो. पिन ८ ला +१२, पिन ४ ला −१२. लॉजिक सिग्नल पिन ३ ला, तिथून १०० के ग्राउंडला. पिन २ ला तुलनेसाठी साधारण अडीच व्होल्ट. आउटपुट पिन १, तिथून ४.७ के +१२ ला. हा ४.७ के लावायला लोक विसरतात आणि आयसी खराब निघाला म्हणतात. एलएम३९३चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, ते खाली ओढतं, वर ढकलत नाही.

अडीच व्होल्ट कुठून घ्यायचे यातही मेख आहे. कंट्रोलरच्या ५ व्होल्टमधून घेतले आणि तो सप्लाय गेला, तर दोन्ही इनपुट शून्यावर येतात आणि आउटपुट कुठल्या बाजूला जाईल याचा भरवसा नाही. +१२ मधून ३९ के आणि १० के लावून घ्या, २.४५ व्होल्ट मिळतात. मग कंट्रोलर मेला की आउटपुट हमखास −१२. ती बाजू धोक्याची असेल तर पिन २ आणि ३ ची अदलाबदल करा. ३.३ व्होल्टच्या लॉजिकसाठी ३९ के ऐवजी ६२ के.

वेग जास्त हवा असेल तर एलएम३११. त्याचा प्रतिसाद सुमारे २०० नॅनोसेकंदांचा, एलएम३९३चा सव्वा मायक्रोसेकंदाच्या आसपास.

आयसी न वापरता, नुसत्या ट्रान्झिस्टरवर होईल का?

होईल, आणि विद्यार्थ्यांनी एकदा तरी हे ब्रेडबोर्डवर करावं. व्होल्टेजची पातळी खाली कशी उतरते ते यात डोळ्यांना दिसतं.

पीएनपी बीसी५५७चा बेस थेट ग्राउंडला. एमिटर ४.७ के मधून कंट्रोलरच्या पिनला. कलेक्टर एनपीएन बीसी५४७च्या बेसला. बीसी५४७चा एमिटर −१२ ला, त्याच्या बेस-एमिटरमध्ये १० के. कलेक्टर ४.७ के मधून +१२ ला, आणि आउटपुट त्याच कलेक्टरवरून.

पिन ५ व्होल्टला गेली की बीसी५५७च्या एमिटरमधून (५ − ०.७) भागिले ४.७ के, म्हणजे ०.९ मिलिअँपिअर वाहतो. हा करंट जवळजवळ जसाच्या तसा कलेक्टरमधून खाली उतरतो. व्होल्टेज वर असलं काय, खाली असलं काय, करंट तोच राहतो, हीच या सर्किटची किल्ली. तो बीसी५४७ला चालू करतो आणि आउटपुट −१२ ला बसतं. पिन ० ला गेली की दोन्ही बंद, आउटपुट +१२. म्हणजे हे सर्किट उलटं करतं, आणि पिन तरंगली तरीही +१२ च देतं. ३.३ व्होल्टच्या कंट्रोलरला वरचा ४.७ के बदलून २.७ के करा.

कमतरता एकच, पण जाणवणारी. +१२ हे ४.७ के मधून येतं. समोर १० के चा लोड असेल तर १२ ऐवजी ८.२ व्होल्टच मिळतात. ताकद हवी असेल तर पुढे बीसी५४७-बीसी५५७ची फॉलोअर जोडी (आउटपुट एमिटरवरून) लावा. दोन्हीकडे ०.७ व्होल्ट कमी होतील.

सर्व्हो ड्राइव्हला ±१० व्होल्टचा वेगाचा सिग्नल द्यायचाय. मायक्रोकंट्रोलरच्या पीडब्ल्यूएममधून जमेल?

जमतं. जुन्या मशीनला नवा कंट्रोलर लावताना हे काम वारंवार येतं. इथे दोन पातळ्या पुरत नाहीत, मधलं सगळं हवं, म्हणून कंपॅरेटर नाही, ऑप-अँप (व्होल्टेज ठरलेल्या पटीत वाढवणारा आयसी).

आधी पीडब्ल्यूएम (चालू-बंदच्या वेळेचं प्रमाण बदलणारा सिग्नल) गाळून सपाट करा: १० के आणि १ मायक्रोफॅरड, असे दोन टप्पे. त्यानंतर टीएल०७२ ऑप-अँपचा एक अर्धा भाग नुसता बफर (व्होल्टेज तेच ठेवून ताकद देणारा) म्हणून, नाहीतर पुढचा रेझिस्टर फिल्टरवर भार टाकतो. दुसरा अर्धा इन्व्हर्टिंग अँप्लिफायर: इनपुट रेझिस्टर १० के, फीडबॅक ४० के (३९ के आणि १ के सिरीजमध्ये), आणि प्लस इनपुटवर २ व्होल्ट. सप्लाय ±१५ ठेवा. टीएल०७२चं आउटपुट सप्लायच्या टोकापर्यंत पोचत नाही, दीडेक व्होल्ट अलीकडे थांबतं.

हिशेब असा. आउटपुट = २ × (१ + ४) − इनपुट × ४. इनपुट ० असेल तर +१०, २.५ असेल तर ०, ५ असेल तर −१०. दिशा उलटी आहे, ती प्रोग्रॅममध्ये सरळ करा.

ते २ व्होल्ट कंट्रोलरच्या त्याच ५ व्होल्टमधून घ्या, १५ के वर आणि १० के खाली. कंपॅरेटरच्या वेळी मी नेमकं उलट सांगितलं होतं, त्यामुळे इथलं कारण नीट पाहा. ५ व्होल्टचा सप्लाय घसरून ४.८ झाला तर संदर्भ १.९२ होतो आणि पीडब्ल्यूएमचा मध्य २.४. आउटपुट ९.६ वजा ९.६, म्हणजे शून्यच. मधला बिंदू हलत नाही. आणि ५ व्होल्ट पूर्ण गेले तर संदर्भही शून्य, इनपुटही शून्य, आउटपुट शून्य. मोटर थांबते. हाच संदर्भ १५ व्होल्टमधून घेतला असता तर कंट्रोलर मेल्यावर मोटर पूर्ण वेगाने पळाली असती.

कंट्रोलर रीसेट झाला की मोटर झटका मारते. का?

रीसेटमध्ये पिन तरंगते किंवा प्रोग्रॅम तिला आधी ० करतो. वरच्या सूत्रात ० म्हणजे +१० व्होल्ट. मोटर आज्ञाच पाळते आहे.

पिनवरच दोन १० के लावा, एक ५ व्होल्टला, एक ग्राउंडला. पिन तरंगली की आपोआप २.५ व्होल्ट येतात आणि आउटपुट शून्य. प्रोग्रॅममध्ये पिनला आउटपुट करण्याआधीच टायमर मध्यावर सेट करा. आणि ड्राइव्हची ‘सर्व्हो ऑन’ची वायर वेगळ्या पिनवरून, वेगळ्या रिलेने, सगळं स्थिर झाल्यावरच द्या. प्रोग्रॅम अडकला तर पिन कुठल्याही पातळीवर अडकू शकते. तिथे दोन रेझिस्टर वाचवत नाहीत, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की रीसेट करणारा टायमर) आणि ही वेगळी वायरच वाचवते. मशीनवर माणूस उभा असतो, त्यामुळे इमर्जन्सी स्टॉपचं बटण कंट्रोलरमधून न नेता थेट ड्राइव्हची पॉवर किंवा सेफ्टी इनपुट तोडणारं ठेवा. यात तडजोड नको.

मध्यावर ठेवूनही मोटर हळूहळू सरकते.

आठ बिटांच्या पीडब्ल्यूएममध्ये २५५ पायऱ्या असतात. त्यांचा मध्य १२७.५, आणि तो मिळतच नाही. एक पायरी ७८ मिलिव्होल्टची, म्हणजे १२८ वर ठेवलं तरी ३९ मिलिव्होल्ट उरतात. १० व्होल्टला ३००० आरपीएम असलेली मोटर त्यावर मिनिटाला १२ फेऱ्या मारते. आर्डुइनो युनोवर पिन ९ किंवा १० घ्या, टायमर १ चा कमाल आकडा १००० करा आणि ५०० वर ठेवा. बरोबर निम्मं मिळतं. उरलेला फरक ऑप-अँपचा आणि रेझिस्टरच्या टॉलरन्सचा. तो संदर्भाच्या जागी प्रीसेट लावून किंवा ड्राइव्हच्या ऑफसेट पॅरामीटरमधून काढा.

मॅक्स२३२ तर ५ व्होल्टमधून प्लस-मायनस करतो. तोच वापरला तर?

आरएस-२३२ साठी डोळे झाकून वापरा, तो त्यासाठीच आहे. चार कपॅसिटरच्या जोरावर आधी ५ चे सुमारे १० करतो, मग त्याचं उलट. मूळ मॅक्स२३२ला १ मायक्रोफॅरडचे लागतात, मॅक्स२३२एला ०.१ चालतात. लोडखाली सुमारे ±८ व्होल्ट मिळतात. आरएस-२३२ला पाठवताना किमान ±५ हवेत आणि घेणाऱ्याला ±३ पुरतात, म्हणून चालून जातं. हेही उलटं करतं: लॉजिक १ म्हणजे मायनस. ३.३ व्होल्टला मॅक्स३२३२.

पण ±१२ किंवा ±१० नेमकं हवं असेल तर हा नाही. व्होल्टेज लोडप्रमाणे खालीवर होतं. पिन ६ वरचं निगेटिव्ह काढून ऑप-अँप चालवणारे आहेत. दोन-चार मिलिअँपिअरपर्यंत चालतं, त्यापुढे ते व्होल्टेज बसतं.

मधे नुसता कपॅसिटर लावला तर सिग्नल आपोआप प्लस-मायनस होतो ना?

होतो, पण सतत बदलणारा असेल तरच. कपॅसिटर सरासरी काढून टाकतो. ५ व्होल्टचा चौकोनी सिग्नल निम्मा वेळ वर असेल तर ±२.५ मिळतात. वर राहायचा वेळ २० टक्के झाला की तेच +४ आणि −१ होतं. आणि सिग्नल एका जागी थांबला तर थोड्या वेळात शून्य. पल्स ट्रान्सफॉर्मर किंवा अल्ट्रासॉनिक सेन्सरला हे छान आहे. पातळी टिकवून धरायची असेल तिथे निरुपयोगी.

निगेटिव्ह सप्लाय कुठून आणायचा?

टेबलावर प्रयोगासाठी ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. एकीचं मायनस दुसरीच्या प्लसला, तो जोड म्हणजे ग्राउंड. कॉलेजच्या प्रोजेक्टला एवढं पुरतं.

कायमच्या कामाला सेंटर टॅप ट्रान्सफॉर्मर, ७८१२ (+१२ चा रेग्युलेटर) आणि ७९१२ (−१२ चा). पुस्तकात १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर दाखवतात. आपल्याकडे तो घेऊ नका. रब्बीत एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी चालू झाल्या की गावातलं २३० व्होल्ट १८० वर येतं. मग १२-०-१२ च्या ब्रिजनंतर कपॅसिटरवर साडेबारा व्होल्टच उरतात आणि ७८१२ला नीट चालायला १४ हवेत. आउटपुटमध्ये १०० हर्ट्झचा गुणगुणाट शिरतो आणि दोष ऑप-अँपवर जातो. १५-०-१५ घ्या. १८० वर तो जवळपास १६ देतो, आणि रात्री व्होल्टेज २७० वर गेलं तरी २५च्या आत राहतो. रेग्युलेटरला ३५पर्यंत चालतं. मात्र वरच्या ऑप-अँपसाठी ७८१५ आणि ७९१५ लावणार असाल तर ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ चा लागेल.

७९१२ लावताना हात थांबवून पिना पाहा. ७८१२ मध्ये क्रम इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. आणि ७९१२ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते, ग्राउंडला नाही. दोन्ही रेग्युलेटर एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय कसले की निगेटिव्ह इनपुट थेट ग्राउंडला शॉर्ट. निगेटिव्ह बाजूच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं प्लस टोक ग्राउंडला जातं, हेही इथेच सांगून ठेवतो. ७९१२च्या आउटपुटला २५ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक हवाच, नाहीतर तो स्वतःच थरथरू लागतो.

फक्त ५ व्होल्ट उपलब्ध असतील तर ए०५१२एस हे एक वॉटचं छोटं मॉड्यूल ±१२ देतं, दोन्ही बाजूंना सुमारे ४० मिलिअँपिअर. दोन-तीन ऑप-अँपना भरपूर झालं. मी बहुतेकांना हेच सुचवतो. ±५ पुरत असेल तर आयसीएल७६६०, पण त्याला १० व्होल्टच्या वर देऊ नका. १२ वर चालवायचं असेल तर ७६६२ घ्या.

आउटपुटचे कोपरे गोल दिसतात, चौकोन त्रिकोणासारखा होतो.

ऑप-अँप मंद आहे. ७४१ एका मायक्रोसेकंदात अर्धा व्होल्टच चढतो, म्हणजे −१० वरून +१० वर जायला ४० मायक्रोसेकंद. एलएम३५८ तसाच. टीएल०७२ १३ व्होल्ट चढतो, दीड मायक्रोसेकंदात काम होतं.

बरोबर ±५.००० अशी अचूक पातळी हवी आहे.

मग ऑप-अँप किंवा ट्रान्झिस्टरच्या टोकावर भरवसा ठेवू नका. दोन अचूक संदर्भ वेगळे तयार करा आणि लॉजिकने फक्त त्यांतला एक निवडा. सीडी४०५३ हा अ‍ॅनालॉग स्विच याच कामाचा: व्हीडीडी +५, व्हीईई −५, निवडीची पिन मात्र साध्या ०-५ लॉजिकवर. पातळी उतरवायचं सर्किट त्याच्या आतच आहे. स्विचमधला रोध शेकड्यांत असतो, म्हणून पुढे बफर. ±१५ पर्यंत जायचं तर डीजी४१९.

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरचा ±१२ व्होल्ट सिग्नल कसा करायचा?

ही कंट्रोल पायलट वायर. आयईसी ६१८५१ आणि आपल्याकडच्या आयएस १७०१७ मालिकेत तिचं वर्णन आहे. १ किलोहर्ट्झ, ±१२ व्होल्ट, १ के मधून बाहेर. गाडी नसेल तर +१२ स्थिर. गाडी लागली की तिच्यातला २.७४ के प्लस बाजूला ९ व्होल्टवर ओढतो, चार्जिंग मागितलं की ६ वर. मायनस बाजू −१२ च राहते, कारण गाडीत डायोड असतो. ती खाली सरकली तर पलीकडे गाडी नाही, भलतंच काही लागलंय, हे चार्जरला कळतं. वर राहायच्या वेळेची टक्केवारी गाडीला किती करंट घ्यायचा ते सांगते: ८५ टक्क्यांपर्यंत टक्केवारी गुणिले ०.६. म्हणजे ५० टक्क्यांना ३० अँपिअर.

इथे दोन पातळ्या पुरतात, पण त्या नेमक्या हव्यात आणि कडा उभ्या हव्यात. एलएम३५८ बाद. एलएम३९३ एकटाही नको, कारण त्याचा पुल-अप त्या १ के मध्ये मिसळतो. पुढे सप्लायच्या टोकापर्यंत पोचणारा वेगवान बफर लावा. दिशा अशी ठेवा की मेलेली पिन म्हणजे −१२. सतत −१२ म्हणजे ‘चार्जरमध्ये बिघाड’ असाच अर्थ मानकात आहे आणि गाडी करंट घेत नाही. प्रोजेक्ट म्हणून सिग्नलपर्यंतच करा. पुढची २३० व्होल्टची बाजू जाणकाराच्या देखरेखीशिवाय नको.

प्लस-मायनसवरून परत लॉजिक करायचं असेल तर?

सोपं आहे. २२ के सिरीजमध्ये, मग बीसी५४७चा बेस. बेसपासून ग्राउंडला १एन४१४८ उलटा, म्हणजे मायनस त्यातून निघून जाईल आणि बेस −०.७ च्या खाली जाणार नाही. कलेक्टर १० के मधून कंट्रोलरच्या सप्लायला. सिग्नल उलटा होतो.

दोन्हीकडची ग्राउंड जोडायची का?

वरच्या सगळ्या सर्किटमध्ये, हो. ग्राउंड न जोडता ±१० मोजणं म्हणजे काहीच न मोजणं. जोडायची नसेल तर ऑप्टोकपलर (सिग्नल वायरऐवजी प्रकाशातून पोचवणारा आयसी). दोन पीसी८१७ घ्या, एक +१२ पासून आउटपुटला, दुसरा आउटपुटपासून −१२ ला. दोन वेगळ्या पिनांनी चालवले तर ‘दोन्ही बंद’ ही तिसरी अवस्थाही मिळते. बदलताना मधे थोडा वेळ दोन्ही बंद ठेवा, नाहीतर क्षणभर +१२ ते −१२ शॉर्ट होतो. पीसी८१७ मंद आहे, काही किलोहर्ट्झपुरता. त्याहून जास्त वेगाला ६एन१३७.

शेतात लांब वायर टाकली असेल तर ऑप्टो लावाच. मे-जूनच्या वळवात वीज शंभर-दोनशे मीटरवर पडली तरी वायरीत झटका भरतो. व्हॉल्व्हच्या टोकाला दोन्ही दिशांचा टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेजचा झटका गिळणारा) लावा. एका दिशेचा नको, इथे व्होल्टेज दोन्ही बाजूंना जातं. जवळ पडलेल्या विजेपुढे हेही टिकत नाही, पण लांबच्या झटक्यांत बोर्ड वाचतो.

सामान कुठून घ्यायचं?

बीसी५४७, एलएम३९३, ७९१२ जिल्ह्याच्या गावी मिळतात. टीएल०७२ही बहुतेक ठिकाणी. डीजी४१९, डीआरव्ही८८७१, ए०५१२एस यांच्यासाठी पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा ऑनलाइन. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबादची कोठी जवळ पडते. फारच स्वस्त टीएल०७२ मिळाला तर लावण्याआधी त्याचा चौकोनी सिग्नल स्कोपवर पाहा. २० व्होल्ट चढायला ४० मायक्रोसेकंद लागत असतील तर आत ७४१च्या जातीचंच काहीतरी आहे, तो परत करा.